तुमच्या दारानं काय बघितलं

सुंदराकाकी आमच्या अंगणात आली तेव्हा मी शेंगा फोडत बसले होते, आबा पडवीतल्या बाजेवरून नुकतेच उठून चूळ भरत होते आणि आई आत चहा टाकत होती. काकी धावत आली नव्हती, हे मला अजून आठवतं. ती चालत आली, मागच्या गल्लीतनं सगळ्या घराला वळसा घालून पुढं, पदर नीट डोक्यावर घेऊन, आणि पायरीच्या खाली उभी राहिली. आई आतून म्हणाली, "ये की सुंदरा, च्या टाकलाय," तर तिनं आईकडं बघितलंसुद्धा नाही. आबांकडं बघून म्हणाली,

"भावजी, तुमच्या दारानं काय बघितलं?"

आबांच्या तोंडातली चूळ तोंडातच राहिली.

थांबा, असं नाही कळायचं तुम्हाला. मघाशी फ्लॅट बघून आल्यापासून माझी चेष्टा चाललीय ना, की हिला हॉल नको, बाल्कनी नको, पार्किंग नको, हिला फक्त समोरच्या दारात कोण राहतं ते सांगा. हसा खुशाल. पण मग आता पूर्ण ऐका, मधे उठू नका.

आमची हिरडेवाडी आधी वर होती, डोंगराच्या कुशीत. घरं म्हणजे कशीही, एकमेकांच्या अंगावर पडलेली, कुणाचं तोंड इकडं, कुणाचं तिकडं, आणि मधे एवढीशी बोळ. तुमच्या दारासमोर कुणाचं तरी दार असायचंच. आणि ते नुसतं शेजारचं घर नसायचं हां, ते 'समोरचं दार' असायचं. त्याचा एक मान होता. लग्नात पहिली हळद समोरच्या दारातली बाई लावायची. घरात कोणी गेलं तर पहिली भाकरी समोरच्या दारातनं यायची. आणि काही चोरीला गेलं, हरवलं, तर पहिल्यांदा समोरच्या दारात जाऊन विचारायचं, तुमच्या दारानं काय बघितलं.

मग समोरच्यानं चोराचं नाव नाही सांगायचं. त्यानं फक्त सांगायचं, अमका गेला इथनं. मग त्या अमक्याला विचारायचं, तुला वाटेत कोण दिसलं. तो म्हणणार, तमकी भेटली झऱ्याच्या वाटेला. मग तमकीला. असं करत करत संध्याकाळपर्यंत ज्याच्यापर्यंत पोचायचं त्याच्यापर्यंत ते आपोआप पोचायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हरवलेला तांब्या ज्याचा त्याच्या ओट्यावर. कुणी चोर नाही, कुणी साव नाही. आई सांगते, तिच्या लग्नापासून डोंगरावर एकाही घराला कुलूप नव्हतं, कडी होती, तीही कुत्र्यांसाठी.

फक्त एक उत्तर द्यायचं नसायचं. 'काय न्हाई बघितलं.' कारण दारं इतकी जवळ की समोरचा शिंकला तरी तुम्हाला कळणार. मग बघितलं नाही म्हणणारा एक तर स्वतः चोर, नाही तर चोराच्या ताटात जेवणारा. एका घरानं तसं म्हटलं होतं म्हणे, माझ्या जन्माच्या आधी. पुढं त्यांच्या दारी हळदीचं ताट गेलं नाही, ते शेवटी मुंबईलाच गेले निघून.

तर ही अशी आमची हिरडेवाडी, आणि मी सहावीत असताना डोंगराला भेग पडली. पावसाळा संपता संपता, देवळाच्या वरच्या अंगाला, हात आत जाईल एवढी. सरकारी लोक आले, बघून गेले, आणि सांगितलं की गाव खाली हलवायचं. खाली माळावर जागा मिळाली, आणि एक इंजिनिअर बाई आली, तरुणच होती, उन्हानं लाल झालेली, तिनं नकाशा आणला. तिचं म्हणणं असं की चार-चार, सहा-सहा घरांचा एक चौक करायचा, सगळ्यांची दारं चौकाकडं. म्हणजे तुमचं वरचं गाव जसं आहे तसंच, फक्त जरा ऐसपैस. किती छान ना? पण चौक म्हटल्यावर चार बाजू आल्या, आणि चार बाजू म्हटल्यावर कुणाचं तरी दार दक्षिणेला येणार. झालं. दक्षिणेचं दार कुणालाच नको. वर जन्म गेला तेव्हा कुणी दिशा विचारली नव्हती. आमचंच वरचं दार दक्षिणेला होतं की! पण आता नवं घर बांधायचं, आता निवडायला मिळतंय, तर यमाच्या दिशेला तोंड कोण करणार? बैठकीवर बैठकी, भांडणं, एकजण तर म्हणाला की भेग परवडली.

हे भांडण मिटवलं आमच्या आबांनी.

आबा फौजेतनं हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही, हवालदारच म्हणतात. आणि हवालदार बोलले म्हणजे ते खरं, इतका मान. ते उठले आणि म्हणाले, कशाला भांडताय, सगळ्यांची तोंडं पूर्वेला करा. ओळीमागं ओळ. ज्याच्या त्याच्या दारात सकाळचं ऊन येईल, ना कुणाला कमी ना कुणाला जास्त. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इंजिनिअर बाई म्हणाली, "अहो, पण मग प्रत्येकाच्या दारातून पुढच्या घराची पाठच दिसेल." त्यावर आबा हसले. म्हणाले, "बाई, परेडमध्ये पाठच दिसती. त्यानं कधी फौज मोडली का?"

सगळे हसले. बाईसुद्धा. आणि नकाशा बदलला.

आता डोळ्यासमोर आणा. आमचं दार पूर्वेला, आमच्या पुढं पुढच्या ओळीची मोरी. आणि आमच्या मागं एक गल्ली, गल्लीपलीकडं सुंदराकाकीचं घर. तिचं दार उघडलं की समोर आमच्या न्हाणीघराची भिंत, सांडपाण्याचा पाइप आणि वर, पार छताला टेकलेला, एक झरोका. हिशोबानं तिचं समोरचं घर आम्हीच. पण दार कुठंय? पाठ आहे.

माळावर गेल्यावर वर्षाच्या आत गावातले लोक बाजारातनं कुलपं आणायला लागले. आधी कोंबड्या गेल्या, मग एकाची सायकल, मग कुणाचा भरलेला गॅस सिलिंडर, दिवसाढवळ्या, माणसं रानात असताना. प्रत्येक वेळी विचारणं व्हायचं, आणि प्रत्येक वेळी जुन्या हिशोबानं जे समोरचं घर, ते घर कसनुसं होऊन काहीतरी सांगायचं. कुणीतरी मोटारसायकलवरनं गेलं बघा. कुणीतरी बाई होती, लांबनं नीट दिसली न्हाई. म्हणजे खोटंच. पण 'काय न्हाई बघितलं' कोण म्हणणार? त्यापेक्षा लांबची बाई बरी.

आणि मग त्या दुपारी सुंदराकाकीची बोरमाळ गेली. तिच्या सासूची, अस्सल जुनी, लेकीला द्यायची म्हणून डब्यात जपलेली. जावई दुसऱ्याच दिवशी येणार होता न्यायला.

तर काकी पायरीखाली उभी, आणि आबांच्या तोंडात चूळ. त्यांनी ती थुंकलीसुद्धा नाही, गिळली. आणि म्हणाले, "सर्जा गेला की पळत मागनं. मी बघितला. त्याला इचार."

मी शेंगा फोडायची थांबले. कारण आबा दुपारभर त्या बाजेवर झोपले होते. घोरत होते. मी त्यांच्या पायापाशीच बसले होते, पूर्वेकडं तोंड करून.

सर्जेराव म्हणजे अनसूयामावशीचा मुलगा, पलीकडच्या ओळीतला, घरात तो आणि आई दोघंच. त्याला फौजेत जायचं होतं, आणि नुसतं जायचं होतं असं नाही, आबांनीच त्याला तयार केलेला. पहाटे आबा शिट्टी वाजवायचे, सर्जा माळाला फेऱ्या मारायचा. दुपारी उन्हात दम वाढतो म्हणून आमच्या मागच्या गल्लीत पळायचा, ती सगळ्यात सरळ गल्ली. रोज. आम्ही घरात बसून नुसत्या पावलांवरनं ओळखायचो. दोनदा भरतीत थोडक्यात राहिला होता, ही तिसरी, आणि वयाच्या अटीत बसणारी शेवटची. त्या आठवड्यातच होती, कोल्हापूरला. आबांना मुलगा नाही. ते लोकांना सांगायचे, माझा एक लष्करात चाललाय.

त्यामुळं आबांनी त्याचं नाव घेतलं ते त्याच्यावर आळ घ्यायला नाही, हे तुम्ही लक्षात घ्या. त्यांच्या डोक्यात वरचं गाव होतं. दारानं माणसाचं नाव सांगायचं, माणूस पुढच्या दाराकडं जाणार, सर्जा सांगणार मला अमका दिसला, आणि विचारणं पुढं सरकणार. सर्जा रोज त्या वेळेला पळतो म्हणजे आजही पळालाच असणार. इतकं साधं.

संध्याकाळी समाजमंदिराच्या पत्र्याखाली सगळे जमले. सुंदराकाकी मधोमध. सर्जाला बोलावलं. तो लंगडत आला, जरासाच, मला ते दिसलं. कुणीतरी म्हणालं, सर्जा, हवालदार म्हणतात तू दुपारी गल्लीतनं पळत गेलास. सर्जानं आबांकडं बघितलं. आबांनी मान हलवली, सांग की बाबा, अशी. आणि सर्जा म्हणाला, "व्हय, गेलो."

काकीनं विचारलं, "मग तू काय बघितलंस?"

सर्जा वर असताना शाळकरी पोरगं होता. त्यानं हे विचारणं कधी मोठ्यांच्या मधे उभं राहून ऐकलं नव्हतं. तो अगदी सरळ म्हणाला, "मी काय न्हाई बघितलं, काकी."

तुम्हाला सांगते, पत्र्यावर कावळे चालत होते ते ऐकू यायला लागलं.

म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं. अनसूयामावशी मागं उभी होती, ती पुढं सरकायला लागली, काहीतरी बोलायला, तर तिला कुणी वाटच दिली नाही. आबांचा चेहरा मी बघत होते. पोरगं काय बोलून बसलं ते त्यांना कळलं होतं.  तेवढ्यात कुणीतरी म्हणालं की आता जावयाला काय तोंड दाखवायचं ते बघा, आणि सगळे उठले.

जावई सकाळी आला आणि त्यानं हे दार-बिर काही ऐकून घेतलं नाही. सरळ पोलीस चौकी. जमादार जीप घेऊन आला आणि सर्जाला घेऊन गेला. भरती दुसऱ्या दिवशी होती.

घरात मी आबांना म्हटलं. आई भाकरी थापत होती, तिच्या समोरच म्हटलं. "आबा, तुम्ही झोपला होता."

"तो रोज पळतो त्या टायमाला."

"पण बघितलं न्हाई ना तुम्ही."

आबांनी मान वळवून मागच्या भिंतीकडं बघितलं. मग म्हणाले, "तिचं समोरचं घर आपलं हाय, तेजू. ती बाई पदर घेऊन दारात येती, इचारती. काय सांगू तिला? झोपलो होतो सांगू? काय न्हाई बघितलं सांगू?"

आईच्या हातातली भाकरी तव्यावर पडायच्या ऐवजी चुलीत पडली. तिनं दुसरी थापायला घेतली. आणि आम्ही तिघं जेवलो. हे पण आठवतं. कालवण चांगलं झालं होतं.

दुपारी अनसूयामावशी आली. तिच्या हातात सर्जाचे बूट होते, नवे, पांढरे, भरतीसाठी आणलेले. तिनं ते आमच्या पायरीवर ठेवले, देवापुढं ठेवतात तसे. म्हणाली, "हवालदार, त्याच्या पायाच्या नळीला सूज हाय चार दिस झाले. तुम्ही रागवाल, भरतीला जाऊ नगं म्हणाल म्हणून सांगितलं न्हाई. काल दुपारी तो घरातच होता, मी हळद लावून बसवला होता."

आबा म्हणाले, "मग त्यानं गेलो म्हणून का सांगितलं?"

मावशीनं त्यांच्याकडं असं बघितलं, की मला अजूनही ते डोळे दिसतात. म्हणाली, "तुम्ही सांगितलं म्हणून."

आबा उठले, टोपी घातली, गाडी काढली आणि तिला मागं बसवून चौकीवर गेले. मला वाटलं, सुटलं आता. आईनं देवापाशी दिवा लावला. पण ते परत आले तेव्हा दोघंच होते, आणि मावशी आमच्या घरापर्यंत आलीच नाही, तिठ्यावरच उतरून चालत गेली. काय झालं ते तिनं नंतर आईला सांगितलं. आबांनी तिथं सर्जाची खूप तारीफ केली. गुणी पोरगं, निर्व्यसनी, मी जामीन राहतो. जमादारानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, पोरगं आता म्हणतंय मी घराबाहेर पडलोच नाही. तुम्ही म्हणताय पळताना बघितला. तुमच्या दोघातला एकजण खोटं बोलतोय, हवालदार. कोण ते तुम्हीच सांगा. आतल्या खोलीचं दार उघडं होतं, सर्जा भिंतीला टेकून बसला होता, ओठ फुटलेला, आणि ऐकत होता. आणि आबा, जे पाकिस्तानच्या हद्दीवर उभे राहिलेले माणूस आहेत, ते तिथं नुसते उभे राहिले. जमादारानं दोनदा विचारलं. मग म्हणाला, जा तुम्ही, मी उद्या जागा बघायला येतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे शिट्टी वाजली नाही. मी जागी होते, आबा पण जागे होते, आणि माळावर कुणी पळत नव्हतं. कोल्हापूरला पळायला लागले असतील, असं माझ्या मनात आलं आणि मी तोंडावर पांघरूण ओढलं.

जमादार आला तो उन्हं वर आल्यावर. सोबत जावई, मागं अर्धं गाव. तो काकीच्या दारात उभा राहिला, आजूबाजूला बघितलं, समोर आमची भिंत बघितली, आणि वळसा घालून आमच्या अंगणात आला. आबा बाजेवर बसले होते, ताठ. जमादारानं विचारलं, कुठं बसला होता तुम्ही तेव्हा? आबा म्हणाले, "इथंच." जमादारानं बाजेकडं बघितलं, मग पूर्वेकडं बघितलं, समोरच्या घराच्या मोरीकडं.   पण तो विचारत का नाही, म्हणून माझाच जीव वर आला, की हा आता चहा पिऊन, सलाम ठोकून निघून जाणार. हवालदाराच्या घरात कोण काय विचारणार? आणि आबा तर काही बोलेनात.

मी म्हटलं, "साहेब, मागच्या गल्लीत बघायला आमच्या घरात एकच जागा हाय. दाखवू का?"

आणि त्याला न्हाणीघरात नेलं. बादलीतलं पाणी ओतलं, बादली पालथी घातली, तिच्यावर चढले, टाचा वर केल्या, आणि तरी माझं कपाळच झरोक्याला लागलं. म्हटलं, तुम्ही उंच आहात, तुम्ही बघा. तो भला मोठा माणूस बूट घालून आमच्या बादलीवर चढला, बादली कचकन दबली, त्यानं नळ धरला आणि झरोक्यातनं बघितलं. काचेच्या तिरक्या पट्ट्या होत्या तिथं, बाहेरच्याला आतली बाई दिसू नये म्हणून बसवतात त्या. तो बराच वेळ बघत होता. मग उतरला आणि हात झटकत म्हणाला, "आभाळ दिसतं चांगलं."

बाहेर आबांनी ऐकलं. सगळ्यांनीच ऐकलं.

आता तुम्ही म्हणाल, झालं, फुटलं. तसं काही झालं नाही. तीच तर गंमत. जमादार बाहेर येऊन आबांशेजारी बाजेवर बसला, आईनं दिलेला चहा घेतला, आणि हळूच म्हणाला, "हवालदार, फौजेतली सवय आहे. पावलाच्या आवाजावरनं माणूस ओळखता, नाही का? दुसरं कुणीतरी गेलं असेल पळत." आणि गावातला एकेकजण म्हणायला लागला, व्हय, तसंच झालं असणार. दुसरंच कुणीतरी असंल. हवालदाराची काय चूक, पळणाऱ्याची पावलं सारखीच. सुंदराकाकीसुद्धा मान हलवत होती. सगळ्यांनी मिळून आबांना असं अलगद उचलून बाजूला ठेवलं. आबांनी फक्त एकदा 'हूं' केलं.

लोक गेल्यावर मी वाट बघत होते की आता मार बसणार. आई न्हाणीत गेली, म्हणाली, "बादली सुलटी कर," आणि तेवढंच.

सर्जाला दुपारी सोडलं. तोवर कोल्हापूरला मैदान रिकामं झालं असेल. तो गावात आला, घरी गेला, आणि आठवड्याभरात पुण्याला निघून गेला, कुठल्याशा कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून. त्याचे बूट आमच्या पायरीवरच राहिले होते. आईनं ते नेऊन द्यायला दोनदा पिशवीत घातले आणि दोनदा बाहेर काढून ठेवले.

चोर सापडला उन्हाळ्यात, तिकडं लांब, दुसऱ्या तालुक्यात. मोबाइलच्या टॉवरसाठी जागा बघतो असं सांगत फिरायचा. बोरमाळ वितळली होती. त्यानं कबुली देताना गावांची नावं घेतली, त्यात आमचं, आणि जमादारानं येऊन हसत हसत सांगितलं की चोर म्हणाला, साहेब, हिरडेवाडीत एक बरं होतं, गाव सगळं एका बाजूला तोंड करून बसलेलं, पाठीमागनं कसंही फिरा. सगळे हसले. आबा पण तिथं होते.

ते घरी आले आणि अवजारांच्या पेटीतनं छिन्नी आणि हातोडा काढला. मागच्या खोलीत गेले, न्हाणीघराच्या शेजारी, आणि भिंत फोडायला लागले. आई धावत गेली. गल्लीत माणसं जमली. कुणी म्हणालं, हवालदार, पुढच्या दाराच्या सरळ रेषेत मागं दार करायचं नसतं, घरात आलेलं टिकत न्हाई. कुणी म्हणालं, गवंडी बोलवा निदान. आबांनी कुणाला हात लावू दिला नाही. त्यांना सवय नव्हती, विटा वेड्यावाकड्या फुटल्या, हाताला फोड आले, जखमा झाल्या. ते दार अजून बघा तुम्ही, चौकट तिरकी आहे. पण ज्या दिवशी आरपार उजेड आला त्या दिवशी समोर सुंदराकाकी तिच्या उंबऱ्यात उभी होती, आणि ती आत गेली आणि हळदीचं ताट घेऊन बाहेर आली. नव्या समोरच्या दाराला. आबांनी हात जोडले आणि म्हणाले, आमच्या दाराला नको. आणि आत गेले. ताट तिच्या हातात तसंच.

तेव्हापासून त्यांची बाज मागच्या दारात. दिवसभर तिथंच. गल्लीतनं कोण जातं, कोण येतं, बघत बसतात. लोक म्हणतात, हवालदारानं पहारा धरलाय. पहारा नव्हता तो. ते एकाच माणसाची वाट बघत होते, आणि तो माणूस सुट्टीला आला तरी दुसऱ्या गल्लीतनं जायचा.

यात्रेला आला सर्जा, मी बारावीत होते तेव्हा. अंगावर वॉचमनचाच खाकी शर्ट, जाड झालेला जरा. मी मागच्या दारात तांदूळ निवडत होते, सुंदराकाकी समोर तिच्या दारात चाळण घेऊन, आबा बाजेवर. आणि गल्लीच्या तोंडाशी तो दिसला. वळेल असं वाटलं, तर नाही वळला. सरळ आला. चालत. आमच्या दारासमोर थांबला, नव्या चौकटीकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, त्या तिरक्या कडेकडं.

आबा उठून उभे राहिले. ताठ नाही.

सर्जा म्हणाला, "हवालदार, त्या दिवशी तुमच्या दारानं काय बघितलं?"

आवाज चढा नव्हता. काकी पायरीखाली येऊन म्हणाली होती ना, तसाच, विचारतात तसा.

मी आबांकडं बघितलं नाही. मला बघवेना. तांदळात बोटं तशीच. आईही आतनं येऊन चौकटीपाशी उभी राहिली होती. आबांना कितीतरी गोष्टी सांगता आल्या असत्या. गावानं त्यांना सगळी उत्तरं आधीच देऊन ठेवली होती. पावलं सारखी असतात. दुसरं कुणीतरी असंल.

"काय न्हाई बघितलं, सर्जा," आबा म्हणाले. "मी काय न्हाई बघितलं."

 सर्जानं मान हलवली, आणि आईनं आतनं ते बूट आणून उंबऱ्यावर ठेवले होते, ते न उचलता गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडं चालत गेला.

समोर सुंदराकाकीच्या हातातली चाळण थांबली होती. तिच्या दारानं सगळं बघितलं.